गोल्फचा पहिला सेट : ३५ हजारांत काय घ्यावं? (ठाणे–खारघर)

माजिवडेकर

नमस्कार मंडळी. धागा गोल्फचा आहे, त्यामुळे 'कुठल्या बिल्डरचे जावई?' छापाचे प्रतिसाद येणार हे गृहीत धरूनच लिहितोय.

ऑफिसातल्या दोघांच्या नादाने खारघरला सिडकोच्या कोर्सवर जायला लागलो आणि आता ते दोघं कंटाळले तरी मी जातोय. शिकवणी लावली आहे. आतापर्यंत भाड्याच्या नाहीतर मित्रांच्या स्टिक्सवर भागवलं. आता स्वतःचा सेट घ्यायचा आहे.

माझी कुंडली: वय ४१, उंची पाच फूट पाच, उजवा. सात नंबर आयर्न बरा बसला तर १२५-१३० यार्ड. आयर्न बहुतेक वेळा डावीकडे ओढले जातात. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) मात्र नेमका उलटा, चेंडू उजवीकडे वळतो आणि झाडीत जातो. बजेट ३५ हजार. घरी सांगितलेला आकडा २० आहे.

दुकानात गेलो तर त्याने आधी नवाकोरा ड्रायव्हरच हातात दिला. किमतीचं लेबल उलटून पाहिलं आणि तसाच स्टँडला लावून आलो. नवा बॉक्स सेट घ्यावा, की मोठ्या ब्रँडचा जुना? दांडा (शाफ्ट) ग्राफाइटचा की स्टीलचा? आणि सगळ्या चौदा स्टिक्स लागतातच का?

गावठी_कोंबडा

एवढ्यात आमच्याकडे विहिरीवर नवा पंप बसतो. बाकी चालू द्या, वाचतोय.

चेंबूरचे_काका

माजिवडेकर, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. चौदा ही नियमातली कमाल मर्यादा आहे, किमान नाही. सात स्टिक्स घेऊन खेळलात तरी तुम्हाला कुणी कोर्सबाहेर काढत नाही. आम्ही शिकलो तेव्हा अर्धाच सेट मिळायचा. एकच स्टिक कधी पूर्ण, कधी पाऊण, कधी अर्ध्या स्विंगने मारायला लागायची. त्यातून हाताला जे कळलं ते पुढे चौदा स्टिक्स घेऊनही कळलं नसतं.

तुमच्यासारख्याला पुरेशा स्टिक्स म्हणजे एक फेअरवे वुड (लांब शॉटची, मोठ्या डोक्याची), एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधली), सहा किंवा सात नंबरपासून पिचिंग वेजपर्यंतचे आयर्न, एक सँड वेज (वेज म्हणजे जवळून चेंडू उंच उचलायची स्टिक) आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू ढकलायचा पटर. तीन आणि चार नंबरच्या आयर्नकडे बघूसुद्धा नका. ते हवेत उठवायला जो वेग लागतो तो तुमच्याकडे नाही आणि आता माझ्याकडेही उरलेला नाही.

ड्रायव्हर थांबू द्या. दुकानदार आधी ड्रायव्हर का देतो? कारण सगळ्यात महाग तोच, आणि मारताना आवाजही छान येतो.

माजिवडेकर

काका, धन्यवाद. पण ड्रायव्हरशिवाय टी-ऑफ (पहिला शॉट) केलं तर बरोबरचे लोक हसतील हो.

चेंबूरचे_काका

हसू द्या. पाच नंबर वुडने चेंडू फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, ठेवलात की पुढच्या शॉटला ते झाडीत चेंडू शोधत असतील.

यंत्रवत

मी रबाळ्याला मशीन शॉपमध्ये असतो, त्यामुळे माझा प्रतिसाद थोडा वर्कशॉपछाप होईल.

आधी डोक्याचा आकार. आयर्न ढोबळपणे दोन तऱ्हेचे. ब्लेड म्हणजे मागून भरीव, पातळ, दिसायला देखणे. कॅव्हिटी बॅक म्हणजे मागून पोकळ करून ते वजन कडेला सरकवलेले. वजन कडेला गेलं की चेंडू मधोमध न लागता टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याकडच्या बाजूला) लागला तरी डोकं हातात कमी फिरतं, आणि चेंडूचं अंतर आणि दिशा कमी बिघडते. ही कल्पना रुजवली ती पिंग कंपनीच्या कार्स्टन सोल्हाइमने. मूळचा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. पटिंग जमेना म्हणून १९५९ मध्ये घरच्या गॅरेजात स्वतःच पटर बनवला आणि पुढे तेच तत्त्व आयर्नला लावलं. तुम्ही डोळे मिटून कॅव्हिटी बॅक घ्या. रुंद सोलचा (सोल म्हणजे डोक्याचा तळ) असेल तर आणखी बरं.

आता एक सावधगिरी. स्टिकवर '७' लिहिलेलं असतं, पण त्या आकड्याचा लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन) किती असावा हे कुठल्याच नियमात नाही. तीसेक वर्षांपूर्वी सात नंबर म्हणजे साधारण ३५-३६ अंश. आजच्या नवशिक्यांसाठीच्या सेटमध्ये तोच २८ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे तेव्हाच्या पाच-सहा नंबरच्या जवळ. दुकानातल्या सिम्युलेटरवर तुमच्या जुन्या सात नंबरपेक्षा नवा दहा यार्ड पुढे गेला की तुम्ही खूश, दुकानदार खूश. यात सगळीच लबाडी नाही, कारण नव्या डोक्यांत वजन खाली असल्यामुळे कमी लॉफ्टलाही चेंडू उंच उठतो. पण तुलना करायची तर अंशाला अंश लावा, आकड्याला आकडा नको.

याचा परिणाम खालच्या टोकाला दिसतो. पिचिंग वेज पूर्वी ४८ च्या आसपास असायचा, तो आता ४५-४४ वर, काही सेटमध्ये त्याहून खाली आलाय. सँड वेज मात्र अजून ५४-५६ वरच आहे. मधली ती फट भरायला तुम्हाला आणखी एक वेज विकत घ्यावा लागतो. कंपनीचं गणित पक्कं आहे.

मिनी_वाशी

सगळे डोक्याबद्दल बोलताहेत, शाफ्टबद्दल कुणीच नाही. स्टिकचं इंजिन शाफ्ट असतो. (यंत्रवत, ही उपमा तुमच्या आधी मी वापरली.)

शाफ्ट किती लवतो यावरून त्याचे प्रकार: लेडीज, सीनियर, रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ. ढोबळ हिशेब असा की ड्रायव्हरचा स्विंग ताशी ८५ ते ९५ मैलांत असेल तर रेग्युलर, त्याखाली सीनियर, ९५ च्या वर स्टिफ. माजिवडेकर, तुमचा सात नंबर १३० यार्डांच्या आत आहे, म्हणजे तुम्ही रेग्युलरवाले, तेही खालच्या अंगाला. पण दुकानात पुरुष गिऱ्हाइकाला 'स्टिफ मारणार ना सर?' विचारलं की नव्वद टक्के मान डोलावतात. हा आकडा माझ्या मनाचा, पण तुम्ही स्वतः उभं राहून बघा. शाफ्ट गरजेपेक्षा ताठ असला की चेंडू खाली राहतो आणि उजवीकडे जायला मदत होते. तुमची तक्रार तीच आहे ना?

एका कंपनीचा रेग्युलर म्हणजे दुसऱ्या कंपनीचा रेग्युलर नव्हे, हेही लक्षात ठेवा. कपड्यांच्या 'एम' साइझसारखंच आहे ते.

लेडीज सेटबद्दल बोलू का? मी जिममध्ये वजनं उचलणारी बाई, उंची पाच सात. तरी मला दरवेळी गुलाबी डबा दाखवतात. त्यातले शाफ्ट माझ्या हातात चाबकासारखे वळतात. मी पुरुषांचा सीनियर फ्लेक्स ग्राफाइट वापरते आणि मस्त चाललंय. उलट एखाद्या बारीक चणीच्या काकांना लेडीज शाफ्ट अगदी चपखल बसेल, पण घ्यायला सांगून बघा.

लांब मारण्यावरून आठवलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचा शेवटचा राउंड शनिवारी पहाटेपासून बघितला होता का कुणी? अदिती अशोक चौथी आली. ड्रायव्हरच्या अंतरात ती जवळजवळ सगळ्यांच्या मागे होती. पदकाच्या शर्यतीत शेवटपर्यंत राहिली ती पटरच्या जोरावर. पटरसाठी बजेटमध्ये जागा ठेवा. राउंडमधल्या सगळ्यात जास्त शॉट्सना हातात तोच असतो.

गावठी_कोंबडा

तो राउंड आमच्या गावी पण बघितला होता. नियम कळत नव्हते, तरी चहा गार झाला.

यंत्रवत

मिनीताई, इंजिन मान्य.

ग्राफाइट की स्टील याचंही सांगतो. आयर्नमधला स्टील शाफ्ट साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्राफाइट बहुधा ५० ते ८०. हलक्या शाफ्टने वेग थोडा वाढतो, आणि टॉप झालेल्या किंवा जमिनीत बसलेल्या शॉटचा झटका कोपरापर्यंत येत नाही. चाळिशीनंतर कोपर दुखणारे बरेच जण ग्राफाइटवर येतात. पण स्टील स्वस्त, टिकाऊ, आणि जुन्या बाजारात भरपूर. कोपर-मनगट ठणठणीत असेल तर हलक्या स्टीलवर पैसे वाचवा.

तुमचे आयर्न डावीकडे ओढले जातात ते वाचून मला लाय अँगलचा संशय आला. स्टिक जमिनीवर टेकल्यावर शाफ्टचा जमिनीशी जो कोन होतो तो. तुम्ही उंचीने कमी, स्टिक प्रमाण मापाची. अशा वेळी डोक्याचं टोक हवेत राहतं, टाच आधी जमिनीला लागते, आणि चेंडू डावीकडे सुटतो. घरी तपासता येईल: मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर बूट घालून, हात सैल सोडून, दुसऱ्याकडून मोजून घ्या. नुसती उंची उपयोगाची नाही, हात लांब असले तर हिशेब बदलतो.

चेंबूरचे_काका

यंत्रवत, थांबा जरा. आयर्न डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे, ही जोडी मी अनेकांची बघितली आहे, आणि त्यात स्टिकचा दोष क्वचित असतो. स्विंग बाहेरून आत येतो. छोट्या स्टिकला लॉफ्ट जास्त, त्यामुळे चेंडूला बाजूची फिरकी कमी लागते आणि तो स्विंगच्या दिशेने सरळ डावीकडे जातो. ड्रायव्हरला लॉफ्ट कमी, चेहरा जरा उघडा राहिला की तीच चूक उजवीकडे वळते. एकच रोग, दोन लक्षणं. लाय वाकवून तो जाणार नाही.

यंत्रवत

काका, असेल. पण अंदाज करण्यापेक्षा तपासणं सोपं आहे. माजिवडेकर, सात नंबरच्या सोलवर व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड रेघोट्या मारा, प्लास्टिकच्या पातळ बोर्डवर चेंडू ठेवून मारा आणि रंग कुठे पुसला जातो ते बघा. मधोमध पुसला तर काका बरोबर. टाचेकडे पुसला तर मी. दुसऱ्याच्या स्टिकवर करणार असाल तर आधी विचारा.

जुनाबाजार

आता माझ्या प्रांतातलं. नव्या बॉक्स सेटला मी नावं ठेवणार नाही. सगळं एकदम मिळतं, बॅगसकट. डिकॅथलॉनच्या इनेसिस ब्रँडमध्ये सुट्या स्टिक्सही घेता येतात, अर्धा सेट जमवायचा असेल तर ती सोय चांगली. पण बॉक्स सेट विकायला काढलात की किंमत येत नाही. मोठ्या ब्रँडचे पाच-सात वर्षं जुने आयर्न घेतले, वर्ष-दोन वर्षं वापरले, की जवळपास तेवढ्यालाच जातात. आयर्नमध्ये दरवर्षी क्रांती होते ती फक्त जाहिरातीत.

बघताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण फोटोवरून व्यवहार करणारे इथेच फसतात.

उन्हात जा. सावलीत आणि दुकानाच्या दिव्यात सगळं नवं दिसतं. आधी चेहऱ्यावरच्या खाचांवरून नख फिरवा. आठ, नऊ आणि वेजच्या खाचा सगळ्यात आधी जातात. नख अडकलं पाहिजे. सुळकन सरकलं तर ओल्या गवतातून चेंडू ग्रीनवर थांबणार नाही. मग झीज कुठे आहे ते बघा. मधोमध रुपयाएवढा चकाकता डाग असेल तर मालक बरा खेळाडू होता. मग शाफ्ट डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून फिरवा, वाकडेपणा लगेच कळतो. स्टीलवर गंजाचे बारीक ठिपके खारघर-उलव्याच्या दमट हवेत येतातच, पण नखाला खड्डा लागत असेल तर सोडून द्या. ग्राफाइटवर डोक्याच्या लगत वर्तुळाकार ओरखडा असेल, बहुधा बॅगेच्या कडेला घासून आलेला, तर तो शाफ्ट एक दिवस तिथेच तुटणार. डोकं आणि शाफ्ट जुळतो तिथली काळी प्लास्टिकची बांगडी सरकलेली असेल तर गोंद सुटतोय.

सगळ्या आयर्नचे शाफ्ट एकाच जातीचे आहेत ना, ते स्टिकर वाचून बघा. हरवलेला आठ नंबर दुसऱ्याच सेटमधून आणून बसवलेला मी स्वतः पकडलाय.

ग्रिप्स (मुठीची आवरणं) कडक आणि चकचकीत झाल्या असतील तर त्या बदलाव्याच लागतील, आणि एका ग्रिपचा खर्च हजाराच्या आसपास धरा. नऊ स्टिक्स म्हणजे नऊ हजार. हा आकडा विक्रेत्यासमोर मोठ्याने बोलायचा. नुसत्या मळलेल्या असतील तर घरी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो.

नकली मालाचं सांगायला हवं. एकदा एका जाहिरातीवरून नामांकित ब्रँडचा ड्रायव्हर बघायला गेलो. पेटी, कव्हर, अक्षरं सगळं झकास. खिशातलं फ्रिजचं मॅग्नेट त्या 'टायटॅनियम' डोक्याला लावलं, पटकन चिकटलं. टायटॅनियमला लोहचुंबक चिकटत नाही. विक्रेता म्हणाला नवीन टेक्नॉलॉजी आहे. मी म्हटलं, लोखंडाची टेक्नॉलॉजी बरीच जुनी आहे.

डावखुरा_ऐरोली

या सगळ्या सुखात आम्हा डावखुऱ्यांचाही विचार करा. जुन्या बाजारात शंभर सेट बघावेत तेव्हा एक आमचा, तोही स्टिफ शाफ्टचा.

जुनाबाजार

डावखुरा, त्यावर दोनच उपाय. नवा घ्या, नाहीतर तुमच्या गटातल्या एखाद्या डावखुऱ्याला नवा सेट घ्यायला भरीला पाडा.

माजिवडेकर

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

बायकोकडून मनगट ते जमीन मोजून घेतलं (तिने कारण विचारलं, 'फिजिओने सांगितलंय' म्हणालो). ३३ इंच भरलं. रेंजवर मार्करचा प्रयोगही केला. रंग टाचेकडून पुसला गेला, अगदी कडेला नाही, पण मधून निश्चित नाही. कोचने व्हिडिओ काढला, त्यात काकांचंही खरं निघालं, स्विंग बाहेरून येतोय. म्हणजे दोघंही जिंकलात.

स्टिक्स मापात बसवून देणाऱ्या एका फिटरकडे लाँच मॉनिटरवर स्विंगचा वेग मोजला. ड्रायव्हर ताशी ८४-८५ मैल. रेग्युलर आणि सीनियरच्या सीमेवर. त्याने दोन्ही मारायला लावले. सीनियर फ्लेक्सने अंतर तेवढंच, पण चेंडू कमी पसरले. मिनीताई, सीनियर म्हणायला जड गेलं, पण घेतोय.

आता ठरवलेलं असं: जुने कॅव्हिटी बॅक आयर्न सहा ते पिचिंग वेज, हलका स्टील रेग्युलर शाफ्ट. पाच नंबर वुड आणि चार हायब्रिड, दोन्ही ग्राफाइट, सीनियर फ्लेक्स. एक ५६ अंशांचा वेज. आयर्नचे विकणारे गृहस्थ कळव्याचे आहेत. ग्रिप्सवरून चार हजार उतरवले. पिचिंग वेज ४५ अंशांचा आहे. मग ४५ आणि ५६ च्या मध्ये ५० चा घेऊ का?

यंत्रवत

३३ इंच मनगट आणि तुमची उंची, म्हणजे लांबी प्रमाण किंवा फार तर पाव इंच कमी. लांबी कापू नका, लाय एक-दोन अंश सपाट करून घ्या. स्टेनलेस स्टीलची ओतीव डोकी फार वाकत नाहीत, पण एवढं चालतं. हे काम लाय मशीन असलेल्याकडूनच करा, पाईप आणि हातोडीवाल्याकडून नको.

५० चा वेज घ्या. ११ अंशांची फट म्हणजे जवळजवळ २५ यार्ड.

चेंबूरचे_काका

५० चा घेऊ नका, आत्ता तरी. पिचिंग वेज ग्रिपवर इंचभर खाली पकडा आणि पाऊण स्विंग करा, तेच अंतर मिळेल. वाचलेल्या पैशांत पटर घ्या. मिनीताईंनी सांगितलं ते तुमच्या यादीत कुठेच नाही.

मिनी_वाशी

काका, थँक्यू, मी तेच लिहायला आले होते. पटर घेताना दुकानातल्या गालिच्यावर तीन फुटांचे पट मारत बसू नका, तिथे सगळेच पडतात. डोळे चेंडूच्या बरोबर वर येतात का ते बघा. पाच फूट पाचला ३३ किंवा ३४ इंची बघा. ३५ इंची दिला तर बहुधा कोपर बाहेर येतील. मोठ्या डोक्याचा मॅलेट तुम्हाला सोपा जाईल.

वेजचा बाउन्सही (तळ पुढच्या कडेपेक्षा किती खाली उतरलाय तो कोन) विचारा. पावसाळ्यानंतर माती मऊ असते तेव्हा १०-१२ अंश बाउन्स बरा, स्टिक खाली रुतत नाही. मे महिन्यात जमीन दगड होते तेव्हा तोच बाउन्स आदळून उडतो. एकच घ्यायचा तर मधला.

माजिवडेकर

मग ५० चा रद्द, पटर नक्की. मॅलेट ३४ इंची, उद्या बघायला जातोय. एकूण ३६ हजारांत बसतंय. घरच्या २० चं काय करायचं ते सुचवा.

आणि एक. रविवारी गाडी मुलांच्या क्लासला लागते. बॅग घेऊन लोकलने खारघरला कुणी जातं का? घोडबंदरचा ट्रॅफिक चुकवून ठाण्यापर्यंत आलो की पुढे बसायची तयारी आहे.

डावखुरा_ऐरोली

मी जातो. ठाणे-पनवेल थेट गाडी पकडा, ती मिळाली नाही तर नेरूळला बदला. सामानाच्या डब्यात चढा, आणि स्टँड बॅग घ्या, चाकांची मोठी कार्ट बॅग नको, पुलाच्या जिन्यावर जीव जातो. हूड लावायला विसरू नका. एकदा माझा नऊ नंबर शेजारच्या कोळीणबाईंच्या पाटीत गेला होता. स्टेशनवरून रिक्षा करा, किंवा बेलापूरला उतरून मेट्रोने सेंट्रल पार्कला. डब्यात हमखास विचारतात, 'मासे पकडायला का?' मी हो म्हणतो.

गावठी_कोंबडा

घरच्या २० चं: बॅग मित्राची आहे, ठेवायला दिलीय. आमच्याकडे पंपाच्या वेळी हेच चाललं होतं.